गालाच्या पेशी आणि दह्यातले जीवाणू: सूक्ष्मदर्शकातून कसे पाहावेत, कसे मोजावेत

विज्ञानाच्या पुस्तकात पेशी एका धड्यात, सूक्ष्मजीव दुसऱ्या धड्यात, आणि आकृत्या मात्र सगळ्या एकाच मापाच्या. गालाची पेशी दोन इंचांची, पुढच्या धड्यातला जीवाणूही दोन इंचांचा, आणि काट्याकाट्यांचा विषाणू तर बहुतेकदा सगळ्यांत ऐसपैस. आदिकेंद्रकी (पटलात बांधलेलं केंद्रक नसलेल्या) आणि दृश्यकेंद्रकी (तसं केंद्रक असलेल्या) पेशींतले फरक मुलं सहा मुद्द्यांत घडाघडा लिहितात. पण ‘तुझ्या एका पेशीवर किती जीवाणू मावतील?’ असं विचारलं की वर्ग गप्प होतो. माझ्या मते या दोन्ही धड्यांची खरी गोम मापात आहे. कोण केवढा आहे हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की अँटिबायोटिक सर्दीवर का चालत नाही, विषाणू शाळेत का दाखवता येत नाही, पेशीभित्तिकेला एवढं महत्त्व का, या गोष्टी पाठ कराव्या लागत नाहीत.

खाली दिलेली कृती शाळेच्या प्रयोगशाळेत एका दुपारी आटोपते. आठवी ते दहावीच्या मुलांनी ती शिक्षकांच्या किंवा घरातल्या मोठ्या माणसाच्या देखरेखीखाली करावी.

काय काय लागेल

शाळेत असतो तो साधा संयुक्त सूक्ष्मदर्शक पुरे. डोळा लावायची नेत्रिका १० पटींची आणि खालची वस्तुभिंगं १० पटींची व ४० किंवा ४५ पटींची, एवढं असलं की काम होतं. नेत्रिकेचा आकडा आणि वस्तुभिंगाचा आकडा गुणला की एकूण विशालन मिळतं: १० गुणिले ४० म्हणजे ४०० पट.

काचपट्ट्या, आच्छादक काचा, ड्रॉपर, टिपकागद, लाकडी टूथपिक, एक कांदा, आदल्या दिवशीचं आंबटसर दही, उकळून गार केलेलं थोडं दूध, प्लॅस्टिकची पारदर्शक मोजपट्टी आणि मिथिलीन ब्ल्यू घ्या. शाळेतलं मिथिलीन ब्ल्यू संपलेलं असेल तर शोभिवंत मासे विकणाऱ्या दुकानात बघा. माशांच्या बुरशीवर औषध म्हणून तिथे त्याची बाटली मिळते. हा रंग गणवेशावर पडला की सहजासहजी निघत नाही, तेव्हा जुना शर्ट चढवूनच बसा.

मनू प्रकाश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठात तयार केलेला, २०१४ साली जाहीर झालेला कागदी फोल्डस्कोप काही शाळांत असतो. त्याचं विशालन साधारण १४० पट. कांदा आणि गालाच्या पेशी त्यातून छान दिसतात, दह्यातल्या जीवाणूंसाठी मात्र तो अपुरा पडतो.

आधी दृष्टिक्षेत्राचं माप घ्या

ही पायरी जवळजवळ सगळेच गाळतात. गाळू नका, कारण पुढचं सगळं मोजमाप हिच्यावर उभं आहे.

नेत्रिकेतून जे उजेडाचं वर्तुळ दिसतं ते दृष्टिक्षेत्र. त्याचा व्यास किती हे कळलं की त्यात दिसणारी कुठलीही वस्तू मोजता येते. आरशाचं तोंड ढगाळ आकाशाकडे किंवा ट्यूबलाइटकडे करा. थेट सूर्याकडे कधीही करू नका, डोळ्याला कायमची इजा होऊ शकते. आता १० पटींचं वस्तुभिंग फिरवून जागेवर आणा आणि काचपट्टीच्या जागी पारदर्शक मोजपट्टी ठेवा. मिलिमीटरच्या रेघा दिसतील, आणि एरवी बारीक वाटणारी रेघ चांगली जाडजूड असल्याचंही लक्षात येईल. म्हणून माप एका रेघेच्या डाव्या कडेपासून पुढच्या रेघेच्या डाव्या कडेपर्यंत धरा. वर्तुळाच्या व्यासात एक पूर्ण मिलिमीटर आणि वर जवळपास पाऊण मिलिमीटर बसतो असं दिसेल. बऱ्याच शालेय सूक्ष्मदर्शकांत हा व्यास १.८ मिलिमीटरच्या आसपास असतो. तुमच्याकडे जो येईल तो वहीत लिहा.

एक मिलिमीटर म्हणजे १००० मायक्रोमीटर. तेव्हा १.८ मिलिमीटर म्हणजे १८०० मायक्रोमीटर.

४० पटींच्या भिंगाखाली मोजपट्टी ठेवायचा प्रयत्न करू नका. भिंग तिच्यावर आपटेल, आणि एक मिलिमीटरही वर्तुळात मावणार नाही. तिथे गणित करायचं: विशालन चौपट झालं की दृष्टिक्षेत्राचा व्यास चौथाई होतो. १८०० भागिले ४, म्हणजे ४५०. तुमचं भिंग ४५ पटींचं असेल तर साडेचारने भागा, ४०० येईल. हा आकडा कागदाच्या चिटोऱ्यावर लिहून सूक्ष्मदर्शकाच्या बुडाशी चिकटवून टाका.

वर्तमानपत्रातलं एक छापील अक्षर कापून तेही पाहून घ्या. ते उलटं दिसेल, आणि काचपट्टी डावीकडे सरकवली की उजवीकडे पळेल. हाताला याची सवय आधीच झाली तर पुढे पेशी शोधताना चिडचिड होत नाही.

गालाची पेशी

साध्या पाण्याने दोनदा खळखळून चूळ भरा. टूथपिकच्या बोथट टोकाने गालाची आतली बाजू हळूच दोन-तीनदा खरवडा. रक्त येईल इतकं नाही, नुसता ओलसर थर टूथपिकवर आला पाहिजे. प्रत्येकाने आपलीच टूथपिक, आपलाच गाल. तोंड आलेलं असेल किंवा सर्दी-खोकला असेल तर त्या दिवशी दुसऱ्याची काचपट्टी नुसती भिंगातून बघा.

काचपट्टीवर पाण्याचा एक थेंब घ्या, त्यात टूथपिकचं टोक गोल फिरवा, मग मिथिलीन ब्ल्यूचा एक छोटा थेंब घाला. मिनिटभर थांबा. आच्छादक काचेची एक कड थेंबाला टेकवून बाकीची काच हळूहळू खाली सोडा. एकदम टाकली तर हवेचे बुडबुडे अडकतात, आणि काळ्या जाड काठाचे ते गोल म्हणजेच पेशी असं समजून अनेकजण त्यांचीच चित्रं काढतात. जादा रंग टिपकागदाने टिपून घ्या.

सुरुवात नेहमी कमी पटींच्या भिंगाने. मोठा स्क्रू फिरवून भिंग काचेपासून दूर नेत नेत चित्र स्पष्ट करा. काचेच्या दिशेने खाली आणताना डोळा नेत्रिकेला नको, बाजूने बघत राहा. निळसर पसाऱ्यात वेड्यावाकड्या फरशीच्या तुकड्यांसारखे पातळ तुकडे दिसले की त्यांतला सुटा असलेला एक वर्तुळाच्या मध्यभागी आणा आणि मगच ४० पटींचं भिंग लावा. त्यानंतर मोठ्या स्क्रूला हात लावायचा नाही, फक्त बारीक स्क्रू.

आता दिसतो तो तुमच्या शरीराचा एक सुटा घटक. कडा थोड्या दुमडलेल्या, मधोमध किंवा जरा बाजूला गर्द निळा ठिपका. तो ठिपका केंद्रक. मिथिलीन ब्ल्यू आम्लधर्मी रेणूंना चिकटतं, आणि केंद्रकातला डीएनए आम्लधर्मी असतो, म्हणून केंद्रक बाकीच्या पेशीपेक्षा गडद रंगतं. भोवतीचा फिका भाग पेशीद्रव्य, आणि त्याची बाहेरची सीमा म्हणजे प्रद्रव्यपटल. खरं तर हे पटल इतकं पातळ असतं की या सूक्ष्मदर्शकात ते स्वतंत्र दिसत नाही. पेशीद्रव्य जिथे संपतं तिथे ते आहे एवढंच आपण समजतो. आकृतीत काढतो त्या दोन समांतर रेघा इथे शोधत बसू नका.

मोजूया. अशा किती पेशी एकाशेजारी एक ठेवल्या तर वर्तुळाचा व्यास भरेल, याचा अंदाज घ्या. समजा, आठ. ४५० भागिले ८, म्हणजे जवळपास ५६ मायक्रोमीटर. गालाची पेशी साधारण ५० ते ८० मायक्रोमीटर रुंद असते, तेव्हा उत्तर त्या टापूत आलं तर तुमची पद्धत बरोबर आहे. केंद्रक १० मायक्रोमीटरच्या आगेमागे येईल.

या पेशी इतक्या सहज निघून का आल्या? कारण त्या अभिस्तर ऊतीच्या, म्हणजे शरीराला झाकणाऱ्या पेशीसमूहाच्या, सगळ्यांत वरच्या थरातल्या आहेत. चघळताना, बोलताना हा थर सतत झिजतो आणि खालून नवा येत राहतो. एक जोडप्रयोग करा: मनगटाच्या मागच्या बाजूला पारदर्शक चिकटपट्टी दाबून ओढून काढा, काचपट्टीवर डकवा आणि बघा. त्वचेचे पापुद्रे दिसतील, पण केंद्रक नाही. त्वचेच्या वरच्या थरातल्या पेशी मेलेल्या, केराटिनने भरलेल्या असतात. आपल्या शरीराला झाकणारेच हे दोन्ही थर, पण एक ओला राहणारा आणि दुसरा कोरडा.

पेशीवरचे बारीक ठिपके

आता गालाच्या पेशीकडे पुन्हा, जरा वेळ देऊन बघा. बारीक स्क्रू किंचित मागेपुढे करत राहा. पेशीच्या पृष्ठभागावर अगदी लहान निळे ठिपके दिसतील, काही जोडीने, काही ओळीने. हे पेशीचे भाग नाहीत. हे तोंडात राहणारे जीवाणू आहेत. काही पेशी जवळपास कोऱ्या असतात, काहींवर दाटी असते. दोन धडे एकाच काचपट्टीवर आले ते असे.

१६८३ साली हॉलंडमधल्या डेल्फ्ट गावच्या अँटनी व्हॅन लेव्हेनहुक या कापड व्यापाऱ्याने स्वतःच्या दातांवरचं पांढरट कीट स्वतः घडवलेल्या भिंगाखाली धरलं आणि त्यात हालचाल करणारे बारीक जीव पाहिल्याचं लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्राने कळवलं. तुमच्याकडे शाळेतलं भिंग आहे आणि वर रंगही. तो रंग त्याच्याकडे नव्हता.

ठिपक्याची रुंदी एक मायक्रोमीटरच्या आसपास. मघाचा प्रश्न आता सोडवता येतो: ६० मायक्रोमीटर रुंद पेशीचं वरून दिसणारं क्षेत्रफळ काढा, एका जीवाणूला साधारण दोन चौरस मायक्रोमीटर जागा द्या आणि भागाकार करा. उत्तर हजाराच्या वर जातं. हा भागाकार मुलांनी स्वतःच करावा, मी मुद्दाम पूर्ण करून देत नाही.

इथेच एक जुना समज दुरुस्त करून घेता येईल. ‘आपल्या शरीरात आपल्या पेशींच्या दहापट जीवाणू असतात’ हे वाक्य अजून पुस्तकांत आणि व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतं. इस्राएलच्या वाइझमन संस्थेतल्या संशोधकांनी २०१६ साली केलेल्या नव्या हिशेबात ७० किलो वजनाच्या पुरुषाच्या शरीरात सुमारे ३० लाख कोटी मानवी पेशी आणि सुमारे ३८ लाख कोटी जीवाणू निघाले. म्हणजे दोन्ही जवळपास सारखेच. पण त्या सगळ्या जीवाणूंचं वजन मिळून सुमारे २०० ग्रॅम! संख्या बरोबरीची आणि वजन एवढंसं, याचं कारण तुम्ही आत्ताच भिंगातून पाहिलंत.

कांदा, थोडक्यात

कांद्याचा पापुद्रा बहुतेकांनी पाहिलेला असतो, म्हणून त्यावर फार वेळ घालवू नका. पाकळीच्या आतल्या बाजूचा पारदर्शक पापुद्रा, पाण्याचा थेंब, थोडं आयोडीन, वर आच्छादक काच. बघायचं एकच: पेशी विटांसारख्या चौकटीत बसलेल्या आहेत, गालाच्या पेशीसारख्या दुमडलेल्या नाहीत. ती चौकट म्हणजे सेल्युलोजची पेशीभित्तिका. प्राण्यांच्या पेशीला ती नसते. जीवाणूला असते, पण वेगळ्या पदार्थाची, पेप्टिडोग्लायकॅनची. बुरशीची कायटिनची. हे पुढे लागणार आहे.

दही

दह्याच्या काचपट्टीवर निम्मी मुलं फसतात, कारण दह्यात जीवाणूंखेरीज बरंच काही असतं: स्निग्धांशाचे चकचकीत गोळे आणि केसीन या प्रथिनाचे ढेकूळ. ते गोळे बघून ‘जीवाणू दिसले’ म्हणून जर्नल भरलं जातं. यावर उपाय म्हणजे तुलनेसाठी आणखी एक काचपट्टी. उकळून गार केलेल्या, विरजण न लावलेल्या दुधाचा थेंब चमचाभर पाण्यात मिसळा आणि त्यातला थेंब आधी पाहा. लहानमोठे गोल दिसतील. हे दोन्हीकडे असणार. दह्यात जे जास्तीचं दिसेल त्याचाच विचार करायचा.

दही घट्ट घेऊ नका, त्यावर सुटलेलं पाणी घ्या. त्याचा एक थेंब चमचाभर स्वच्छ पाण्यात मिसळा, काचपट्टीवर थेंब ठेवा, आच्छादक काच टाका आणि रंग न घालता ४० पटींच्या भिंगाखाली बघा. उजेड थोडा कमी करा, नाहीतर रंगहीन जीवाणू प्रकाशात विरून जातात. बारीक काड्या आणि ठिपक्यांच्या माळा जागच्या जागी थरथरताना दिसतील.

‘जिवंत आहेत, हलताहेत!’ असं ओरडायच्या आधी दुधाची काचपट्टी पुन्हा लावा. स्निग्धांशाचे बारीक गोळेही तसेच थरथरतात. पाण्याचे रेणू चहूबाजूंनी आदळत असल्याने होणारी ही हालचाल आहे. रॉबर्ट ब्राउन या स्कॉटिश वनस्पतिशास्त्रज्ञाने १८२७ मध्ये परागकणांतल्या सूक्ष्म कणांची ही थरथर पाहिली. त्यालाही सुरुवातीला जिवंतपणाची शंका आली, म्हणून त्याने काचेची, दगडाची पूड पाण्यात घालून पाहिली. तीही थरथरली, आणि शंका मिटली. याच ब्राउनने १८३१ मध्ये ऑर्किडच्या पेशी पाहताना केंद्रकाला त्याचं नाव दिलं. दह्यातले जीवाणू सहसा पोहत नाहीत. ते जिवंत आहेत याचा पुरावा त्यांच्या हालचालीत नाही, त्यांनी दुधाचं जे केलं त्यात आहे: दुधातल्या लॅक्टोजचं लॅक्टिक आम्ल केलं, आम्लता वाढली, सामू (pH, म्हणजे आम्लतेचं माप; आम्ल वाढलं की हा आकडा कमी होतो) साडेचारच्या आसपास उतरला आणि केसीन गोठलं. थंडीत विरजण लागायला वेळ का लागतो तेही यातच आलं. कमी तापमानात जीवाणूंचं काम आणि त्यांची वाढ मंदावते.

आता रंगवलेली काचपट्टी. पातळ केलेल्या पाण्याचा थेंब काचेवर पसरून पूर्ण वाळू द्या. काचेची खालची बाजू स्पिरिटच्या दिव्याच्या ज्योतीवरून झटकन दोन-तीनदा फिरवा. काच हाताच्या मागच्या बाजूला कोमट लागली पाहिजे, चटका बसता कामा नये. याने जीवाणू काचेला चिकटतात. मिथिलीन ब्ल्यूचा थेंब टाकून दोन मिनिटं थांबा, मग काच तिरकी धरून ड्रॉपरने हलकेच पाणी सोडत धुवा. नळाखाली धरली तर सगळंच वाहून जातं. पाण्याचा एक थेंब, आच्छादक काच, आणि बघा.

निळ्या काड्या म्हणजे लॅक्टोबॅसिलाय, ठिपक्यांच्या जोड्या आणि माळा म्हणजे गोलाणू. घरोघरचं विरजण वेगळं असतं, त्यामुळे एकीच्या दह्यात काड्या जास्त, दुसरीच्या दह्यात माळा, असं होईल आणि दोघी बरोबर असतील. ४०० पटींत काडी जेमतेम डोळ्यात भरते. पुस्तकातल्या छायाचित्रासारखं दिसेल अशी आशा ठेवू नका. त्यासाठी १०० पटींचं वस्तुभिंग आणि तेलाचा थेंब लागतो. एक गोष्ट मात्र शोधायची आहे: काडीच्या आत गालाच्या पेशीसारखा गडद ठिपका आहे का? नाही. काडी साधारण एकसारखी रंगते. तिचा डीएनए केंद्रकपटलात बांधलेला नसतो. ‘आदिकेंद्रकी’ म्हणतात ते यालाच.

जो दिसणारच नाही

विषाणूची काचपट्टी करता येत नाही. साध्या प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाला ०.२ मायक्रोमीटरपेक्षा जवळ असलेले दोन बिंदू वेगळे दाखवता येत नाहीत, भिंग कितीही पटींचं घ्या. फ्लूचा किंवा करोनाचा विषाणू साधारण ०.१ मायक्रोमीटरचा. तंबाखूच्या पानांवर चट्टे पाडणारं काहीतरी जीवाणूंच्या गाळणीतूनही निसटतं हे १८९०च्या दशकात कळलं होतं, पण तो विषाणू प्रत्यक्ष दिसला तो १९३९ साली, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून.

हे माप वहीत उतरवायचं तर सगळं दहा हजार पटींनी मोठं करा. विषाणू होतो एक मिलिमीटरचा, म्हणजे राईचा दाणा. दह्यातला जीवाणू दोन सेंटीमीटरचा, मोठा शेंगदाणा. गालाची पेशी साठ सेंटीमीटरची, लग्नघरातली परात.

आता कांद्याच्या वेळी बाजूला ठेवलेला धागा. १९२८ मध्ये अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी शोधलेलं पेनिसिलिन जीवाणूची पेशीभित्तिका नीट बनू देत नाही. आपल्या पेशीला भित्तिकाच नाही, म्हणून ते औषध घेऊनही आपल्या पेशी शाबूत राहतात. विषाणूलाही भित्तिका नाही, त्याला धड पेशीही नाही. मग सर्दीसाठी पेनिसिलिन घेऊन नेमकं कशावर हल्ला होणार? तोंडी परीक्षेत हा प्रश्न आला तर तिन्ही काचपट्ट्यांची नावं घेऊन उत्तर द्या.

वहीत आणि आवरताना

चित्र काढताना मोबाइलचा कॅमेरा नेत्रिकेवर टेकवून फोटो काढून ठेवला तरी चालेल, पण जर्नलमध्ये हाताने काढा आणि जे दिसलं तेवढंच काढा. प्रत्येक चित्राखाली एकूण विशालन आणि मोजलेलं माप लिहा. तंतुकणिका (पेशीला ऊर्जा पुरवणारे बारीक भाग) दिसल्या नसतील तर त्यांना नाव देऊ नका, पुस्तकात असल्या तरी.

टूथपिक आणि गालाच्या काचपट्ट्या ब्लीचिंग पावडरच्या पाण्यात अर्धा तास बुडवून मग धुवा किंवा टाका. त्या पाण्यात संडास साफ करायचं आम्ल चुकूनही मिसळू नका, विषारी क्लोरीन वायू सुटतो. दही आणि दूध प्रयोगाला घेतलं की ते खायचं नाही. बोटाला टोचून रक्ताची काचपट्टी करायचा मोह कुणाला होतोच, त्याला नाही म्हणा. शाळेत तयार काचपट्टी असते.

आणि तोंडातले, मोबाइलवरचे किंवा दाराच्या कडीवरचे जीवाणू बशीत ‘वाढवून’ बघायचे व्हिडिओ पाहून घरी तो उद्योग करू नका. अनुकूल परिस्थितीत काही जीवाणू वीस मिनिटांत दुप्पट होतात. दहा तासांत तीस वेळा दुप्पट म्हणजे एकाचे १०७ कोटींहून जास्त, आणि त्यांत कोण आहेत हे आपल्याला माहीत नसतं. पावावर बुरशी वाढवायची असेल तर पारदर्शक पिशवीत घालून तोंड बंद करा, बाहेरूनच बघा आणि न उघडता टाकून द्या.

सूक्ष्मदर्शक ठेवण्यापूर्वी सगळ्यांत कमी पटींचं भिंग खाली आणा, भिंगं मऊ कोरड्या कापडाने टिपा, शर्टाच्या टोकाने नको, आणि बुडाशी चिकटवलेला तो आकड्याचा चिटोरा तसाच राहू द्या, पुढच्या तुकडीला लागेल.